खोटा धवला

दिघाशीच्या गुणाबाईला कोणी "काय गोड गातेस गं" म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. "मी गात न्हाय, मी लगीन लावते," ती म्हणायची. ते खोटं नव्हतं. त्या बाजूच्या गावांत भटजी येतो तो घटकाभर. मंगलाष्टकं म्हणतो, दक्षिणा कनवटीला लावतो आणि पुढच्या गावाची वाट धरतो. लग्न लागतं ते धवलारणीच्या तोंडून. मांडवाची मेढ रोवल्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचं वेगळं गाणं, म्हणजे धवला, आणि तो म्हणून झाल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. हळद वाटून तयार असो, नवरी पाटावर बसलेली असो, धवलारीण पान खायला बाहेर गेली असेल तर सगळ्यांनी मुकाट थांबायचं.

गुणाबाईला ही विद्या सासूने दिली. नवरा लग्नाच्या चौथ्या वर्षी तापाने गेला, मूलबाळ नव्हतं. सासूने तिला माहेरी धाडली नाही. तीन पावसाळे चुलीपुढे बसवून एकेक धवला तिच्याकडून घोकून घेतला. "बिननवऱ्याच्या बाईला मांडवात कोन उभी करतो? धवलारीन हो, मंग तुझ्याबिगर मांडवच उभा ऱ्हानार न्हाय," असं म्हातारी म्हणाली होती. तोंडाने फटकळ होती, पण तिला पुढचं दिसत होतं. तेव्हापासून तीस वर्षं आजूबाजूच्या सात-आठ गावांतली लग्नं गुणाबाईच्या गळ्यातून गेली.

फक्त एक गोष्ट सासूने सांगितली नव्हती. मांडवात धवलारणीचं कोणी ऐकत नाही. बायका हळदीवरून एकमेकींची थट्टा करत असतात, पुरुष मागच्या बाजूला पीत असतात, बाजेवाला मध्येच घुसतो, एखादा व्याही रुसून बसलेला असतो आणि अर्धा गाव त्याची समजूत काढत असतो. त्या सगळ्या गदारोळात गुणाबाई भिंतीला पाठ टेकून तासन्‌तास धरतरीला, चांदसूर्याला, गावदेवीला लग्नाला बोलावत बसायची. "देव आयकतो," ती म्हणायची. ऐकत असेलही. पण माणसाने गायलेलं माणसानेही ऐकावं असं कोणाला वाटत नाही? तिलाही वाटायचं. ते तिने कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, स्वतःजवळसुद्धा नाही.

अशा बाईच्या दारात त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर सावळाराम येऊन बसला.

सावळाराम त्याच गावचा. निजामपुऱ्यात कापड विणायच्या लूमच्या एका कारखान्यात जॉबर होता, म्हणजे लूम अडला की पान्हा घेऊन धावायचं. पण त्याचा जीव पान्ह्यात नव्हता, नाटकात होता. कारखान्यातली आणि गावातली दहा-बारा माणसं गोळा करून त्याने 'नवा उजेड नाट्य मंडळ' काढलं होतं. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा सुताच्या गोदामात गाठोडी बाजूला सारून तालमी चालायच्या. दारू, शिवाशीव, बुवाबाजी असा एकही विषय त्यांनी सोडला नाही, आणि एकही नाटक असं नव्हतं की ज्याच्या शेवटी कोणीतरी उभं राहून भाषण करत नाही. भाषण सुरू झालं की लोक चपला शोधायला लागायचे. सावळारामला त्याचं काही वाटत नसे. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस असते एकेकाला.

या खेपेच्या नाटकाचं नाव होतं 'नवरी बोलते'. बाप जमिनीच्या लोभाने पोरीला म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधायला निघतो, आणि पोरगी भर मांडवात पाटावरून उठते, बाशिंग काढून खाली ठेवते आणि सांगते, मला हे लग्न नको. आजवर मंडळ बाईच्या कामाला कल्याणहून नटी आणत असे. नटी यायची, पाठ केलेलं बोलायची आणि बस गाठायची. या वेळी सावळारामच्या मनाने उचल खाल्ली. "आपल्या पोरींनी बोलावं असं आपन लोकांना सांगायचं, आन बोलायला बाई भाड्यानं आनायची, ह्यो कसला उजेड?" त्याने चिंधूच्या तुळजाला हेरलं होतं. चिंधू गुणाबाईचा शेजारी, गवताच्या गाड्या हाकणारा गरीब माणूस. तुळजा सतरा वर्षांची, सातवी पास, आवाज असा खणखणीत की तिने शेतातून हाक मारली तर वेशीवरचा माणूस मागे वळून बघेल.

"आन काकी, मांडवात धवला खरा पायजे," सावळाराम म्हणाला. "बाकी कोनी म्हनला तर सिनेमातल्या गान्यावानी वाटतो."

"लगीन नसताना धवला म्हनत न्हाईत."

"पन नाटक हाय ते."

"देवाला काय ठावं, नाटक हाय का लगीन?"

सावळारामने त्या दिवशी चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. चौथ्या दिवशी त्याने सांगितलं की पडघ्याच्या बाजारात खेळ आहे, लाउडस्पीकर लावणार, चार गावचे लोक गप्प बसून ऐकणार. गप्प बसून, हे शब्द त्याने सहज वापरले असतील. गुणाबाईच्या मनात ते जाऊन बसले.

तिने अटी घातल्या. पाटाजवळ खरी हळद नको, पिवळी रांगोळी चालेल. आणि धवला अर्धाच म्हणणार. धवल्यात आधी नवरीचं वर्णन असतं, तिचे केस, तिची साडी, तिच्या बापाचं अंगण. मग देवांची नावं येतात. वर्णनापर्यंत ते गाणं असतं. देवांची नावं घेऊन त्यांना मांडवात बोलावलं की ते लग्न. आणि एका पोरीच्या नावाने देव एकदाच बोलवायचे, दुसऱ्यांदा बोलावले तर येत नाहीत, असा तिच्या सासूचा आणि सासूच्याही सासूचा नियम. तेव्हा देवांच्या नावाआधी गुणाबाईने थांबायचं, आणि ती थांबली की तुळजाने पाटावरून उठायचं, अशी खूण ठरली.

चिंधू मात्र कुरकुरत होता. पोरीने तोंडाला रंग लावून बाजारात उभं राहायचं, उद्या लोक काय म्हणतील? शेवटी तो गुणाबाईच्या ओट्यावर आला. "वैनी, तुमी हाव ना तिच्या संगं? मंग माझी ना न्हाय." गुणाबाईने मान हलवली. मान हलवायला काय लागतं? पुढे ती एकदा हललेली मान तिला जन्मभर पुरली.

पाच शुक्रवार तालमी झाल्या. पाचही वेळा ती नेमकी जागेवर थांबली आणि तुळजा नेमकी उठली. सावळाराम खूश होता.

पडघ्याचा खेळ माघात झाला. बाजाराच्या मैदानात फळ्या टाकून रंगमंच उभारला होता, शेजारून नाशिकच्या रस्त्यावरचे ट्रक धडधडत जात होते. निजामपुऱ्यातून आलेला लाउडस्पीकरवाला मुसलमान म्हातारा तिच्यापुढे माइक ठेवताना म्हणाला, "खाला, संभालके. आपकी आवाज से मेरा भोंगा फटेगा." ती हसली. पाटावर तुळजा बसली होती, हिरव्या साडीत, बाशिंग बांधून. शेजारी बिजवर झालेला काळूराम, खोट्या पांढऱ्या मिशा लावलेला; घरी त्याला चार पोरं आणि एक खमकी बायको.

गुणाबाईने सुरुवात केली तेव्हा मैदानात नेहमीसारखाच कलकलाट होता. तुळजाच्या केसांचं वर्णन संपेपर्यंत तो कमी झाला. बापाच्या अंगणापर्यंत ती आली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला आपलाच आवाज ऐकू येतोय. पुढच्या रांगेतल्या एका बाईने रडक्या पोराच्या तोंडावर हात ठेवला होता. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा करून एक ड्रायव्हर खांद्यावरचा टॉवेल मुठीत धरून उभा होता. अख्खं मैदान गप्प होतं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

थांबायची जागा आली. ती आली हे तिला कळलं नाही, असं पुढे तिने लोकांना सांगितलं. ते खरं नव्हतं. तिला चांगलं कळलं, आणि ती पुढे गेली.

तिने धरतरीला बोलावलं, चांदसूर्याला बोलावलं, दिघाशीच्या गावदेवीला नाव घेऊन बोलावलं, चिंधूच्या तुळजाच्या मांडवात या म्हणाली. तुळजा खुणेप्रमाणे अर्धी उठली होती, ती गोंधळून पुन्हा बसली. विंगेतून सावळाराम हात हलवत होता. थोड्या वेळाने तो हात खाली घेऊन नुसता ऐकत राहिला. काळूरामने तर खोट्या मिशांसकट हात जोडले, सवयच ती. गुणाबाईने धवला शेवटपर्यंत म्हटला, एक शब्द न गाळता. असा तो तिच्या तोंडून आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही.

मग तुळजा उठली, बाशिंग काढून तिने पाटावर ठेवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मना ह्यो लगीन नको." मैदान टाळ्यांनी दणाणलं. त्या दिवशी शेवटच्या भाषणालाही कोणी चपला शोधल्या नाहीत. सावळारामने गुणाबाईला हार घातला, आणि ती तो हार गळ्यातून न काढता बैलगाडीत बसली.

गाडीत गावातली जुनी बाई ठमाबाई होती. ती गुणाबाईच्या गळ्यातल्या हाराकडे बघत होती. मग म्हणाली, "गुना, तू पोरीचं देव बोलावलंस."

"नाटक व्हतं, ठमाबाय."

"तूच सांगत फिरत व्हतीस ना, देवाला काय ठावं म्हनून? देव आलं, आन पोरगी पाटावरनं उठून गेली. बरं न्हाय झालं."

गाडीतल्या बाकीच्या बायकांनी हे ऐकलं. गाडीतल्या बायकांनी ऐकलं म्हणजे पाणवठ्याने ऐकलं, आणि पाणवठ्याने ऐकलं म्हणजे सात गावांनी.

त्या वैशाखात तुळजाचं पहिलं स्थळ मोडलं. मुलाच्या चुलतीने विचारलं, "तीच ना ही, मांडवातून उठलेली?" दुसरं स्थळ दारापर्यंतही आलं नाही. धवलारीण काय, कोणतीही मिळाली असती, पण सगळ्याच म्हणायच्या की गुणाबाईने बोलावलेल्या देवांना आम्ही परत कसं बोलावणार? सावळारामने देवळापुढे सभा घेऊन अंधश्रद्धेवर तासभर व्याख्यान दिलं. त्याने एवढंच झालं की ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. मंडळात लग्नाचे तीन मुलगे होते. त्यातला दौलत नाटकात तुळजाचा भाऊ व्हायचा आणि मूठ आवळून म्हणायचा, "ताई, सारा नवा समाज तुझ्या पाठीशी उभा आहे." सावळारामने त्याला सरळ विचारलं, तू करतोस का लग्न तिच्याशी? दौलतने आईला विचारून सांगतो म्हटलं आणि त्याच आठवड्यात शिफ्ट बदलून घेतली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दौलतला तरी काय म्हणायचं, बाकीच्या दोघांनी तर आईचंही नाव काढलं नाही.

वर्षाने एक स्थळ आपणहून आलं. मुलगा अनंता, कल्याणला सुतारकाम करणारा, निर्व्यसनी. त्याने पडघ्याला ते नाटक पाहिलं होतं, आणि पाटावरून उठलेली तीच मुलगी हवी असा हट्ट धरला होता. त्याची आई बायजाबाई शहाणी बाई. ती आधी चिंधूकडे न जाता गुणाबाईकडे आली, आणि चिंधूलाही तिथेच बोलावून घेतलं. चिंधू उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. तुळजा चहा घेऊन आली होती, ती कप ठेवून दाराआड उभी राहिली. तिचा पदर दिसत होता.

"गुनाबाय, मना पोरगी पसंत हाय," बायजाबाई म्हणाली. "माझ्या भावकीची तोंडं तेवढी बंद करायची हाईत. तुमी येक शबुद द्या. त्या दिशी म्हनलात त्यो धवला खोटा व्हता, देवांची नावं उलटसुलट घेतली व्हती, नाटकापुरता जुळवला व्हता, कायबी सांगा. खोटा व्हता येवढं म्हना, मी उद्या साखरपुडा करते."

किती सोपं होतं! बायजाबाईने शब्दसुद्धा तिच्या तोंडात ठेवला होता, फक्त बाहेर काढायचा होता. चिंधू तिच्याकडे बघत होता, जसा तो त्या दिवशी ओट्यावर बघत होता तसाच. गुणाबाईला मैदान दिसलं. पोराच्या तोंडावर ठेवलेला तो हात दिसला, टॉवेल धरून उभा असलेला ड्रायव्हर दिसला. तीस वर्षं भिंतींना ऐकवल्यावर एकदा माणसांनी ऐकलं होतं, आणि नेमकं तेच खोटं होतं म्हणायचं?

"न्हाय," ती म्हणाली. "खरा व्हता. देवाच्या नावानं मी खोटं बोलनार न्हाय."

बायजाबाईने चहा तसाच ठेवला आणि पदर सावरून उठली. दाराआडचा पदरही दिसेनासा झाला. चिंधू मात्र तिथेच बसून राहिला, जणू अजून काहीतरी बोलायचं राहिलंय आणि ते गुणाबाई आता बोलेल. शेवटी तोही गेला.

देवाच्या भीतीने आपण खरं बोललो, असं गुणाबाईने गावाला सांगितलं, आणि गावाला ते पटलं. उलट तिचा मान वाढला. तिला स्वतःला मात्र ते चार दिवसही पुरलं नाही. देवाची भीती असती तर ती पडघ्यालाच थांबली नसती का? भीती नव्हतीच, गुर्मी होती. एका पोरीचा संसार एका बाजूला आणि आपलं गाणं दुसऱ्या बाजूला, आणि आपण गाणं उचललं. तिने हे पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिलं, ते तसंच राहिलं.

अनंताचं पुढच्या वर्षी दुसरीकडे लग्न झालं. तुळजाला मग स्थळं यायला लागली, पण ती बिजवरांची. धवल्याशिवाय, नुसता पाट लावून म्हणजे साध्या विधीने नेऊ म्हणणारे, जमीनजुमला असलेले, पांढऱ्या मिशांचे. या मिशा खऱ्या असायच्या एवढाच काय तो फरक. एकाने चिंधूला एकरभर जमीन देऊ केली. तुळजाने नाटकातलंच वाक्य सांगितलं, मना ह्यो लगीन नको. या वेळी टाळी कोणी वाजवली नाही. चिंधू गवताच्या गंजीआड जाऊन रडला. तुळजा निजामपुऱ्यात सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर लागली, रोजची बस धरून जायला यायला लागली. मंडळाचंही घोडं त्यानंतर पुढे गेलं नाही. सावळारामला नवा विषय सुचेना, आणि रंगाची पेटी त्याच्या माळ्यावर पडून राहिली.

पडघ्याच्या खेळानंतर चार वर्षांनी, अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात, सावळारामच्याच मुलीचं लग्न निघालं. दुपारची हळद होती. गुणाबाई आता लवकर थकायची, आवाजाला कापरं सुटलं होतं. मांडवात नेहमीचा गोंगाट होता. कोपऱ्यात तुळजा बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी, केसांत कुठेतरी कापसाचा पुंजका अडकलेला. नवरीच्या हळदीला हात लावायला तिला कोणी बोलावत नसे आणि तीही पुढे होत नसे.

गुणाबाई भिंतीचा आधार घेऊन उभी राहिली. "आयका," ती म्हणाली. धवलारीण उभी राहून बोलते हे कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून बायका गप्प झाल्या. "पडघ्याला म्हनलेला माझा धवला खोटा व्हता. मी देव बोलावलंच नव्हतं. इतकी वर्सं मी खोटं बोलले. तुळजा कोरी पोर हाय."

मांडव चिडीचूप झाला. आयुष्यात दुसऱ्यांदा लोक तिचं ऐकत होते. मग ठमाबाई म्हणाली, अगदी मायेने म्हणाली, "गुना, आमी व्हतो तिथं. आमी आयकलाय त्यो. तसा खोटा म्हनता येत न्हाय कोनाला."

बायकांनी माना हलवल्या. म्हातारी पोरीसाठी जीव तोडतेय, खोटंसुद्धा बोलतेय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. जितका तो धवला चांगला झाला होता, तितका तो आता पुसता येत नव्हता.

"काकी," कोपऱ्यातून तुळजा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "कशाला खोटं म्हनतेस? माझ्या नावाचा तेवढाच येक झाला. त्यो तरी खरा ऱ्हाऊ दे."

कोणीतरी हळदीचं ताट पुढे सरकवलं, बाजेवाल्याला कोणीतरी हाक मारली, आणि मांडव पुन्हा बोलायला लागला. गुणाबाई खाली बसली. सावळारामच्या मुलीच्या केसांचं वर्णन तिने केलं, साडीचं केलं, बापाच्या अंगणाचं केलं. आता देवांची नावं यायची. ती थांबली, पडघ्याला जिथे थांबायचं होतं नेमकी तिथेच. कोणाच्याच ते लक्षात आलं नाही, कारण कोणी ऐकत नव्हतं.

कोपऱ्यात तुळजा तेवढी उठली. पिशवी खांद्याला लावून ती मांडवाबाहेर पडली. तिची दुसरी शिफ्ट होती.